होडीवाल्याने डांबरलेली खोली

गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या ह्यांना चारकोपला एका इमारतीच्या कामावर वॉचमनची नोकरी लागली. नोकरीबरोबर खोली मिळाली. खोली कसली, चाकांवरचा डबा. कोणी पैसेवाले म्हणे तो गाडीच्या मागे बांधून फिरायला जायचे आणि त्यातच झोपायचे. घर असलेल्यांनाच असली हौस सुचते. हौस फिटली तसा भंगारात टाकला, तिथून ठेकेदाराने उचलून आणला.

बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये लाकडाच्या पट्ट्या. पत्रा असा चकचकीत, की बाजारात जाणाऱ्या बायका थांबून त्यात कुंकू सारखं करायच्या. पण दुसऱ्या पावसाळ्यात आतून भिंत फुगली. दाबून बघितली तर चहात बुडवलेल्या पावात जावं तसं बोट आत गेलं.

ठेकेदाराच्या सुपरवायझरने बघितलं. म्हणाला, "पुढच्या वर्षी दिवाळीनंतर परत येईन. तोवर सडला असला तर भंगारवाल्याला देणार."

"आणि आम्ही?"

"बाई, माझ्याकडे डब्याचा हिशोब आहे. तुमचा नाही."

दोन पोरी घेऊन मी जाणार कुठे? गावचं घर जावेच्या ताब्यात.

मग ह्यांचे गाववाले येऊ लागले. रविवारी यायचे, चहा प्यायचे, भिंतीत बोट खुपसायचे नि "कुजली रे" म्हणून मान हलवायचे. जितके पाहुणे तितकी भोकं.

शेवटी माझा दीर आला, गावाकडचा होडीवाला. पावसाळा संपला होता तरी घाई अशी, की आल्या आल्या रस्त्याच्या कामावरून डांबर मागून आणलं.

"वयनी, माझी होडी कधी बुडलेली बघलंस?"

"होडी नाही भावोजी. तुम्हाला बघितलंय, तेही कोरड्या जमिनीवर."

"गप गं," हे म्हणाले. "त्याला कळतं त्यातलं."

कळत होतं ते असं. होडीला लावतात तशी त्याने तळापासून सुरुवात केली. पत्रा खाली जिथे दुमडला होता ती फट डांबराने गच्च भरली. वर हात देत खिडकीपर्यंत आला नि डांबर संपलं. छपराचा सांधा तसाच उघडा.

"भावोजी, पाऊस वरून येतो."

"पाणी खालनाच शिरता, वयनी. माका शिकवू नको."

"दर्यात शिरतं. चारकोपला ढगातून पडतं."

दोघे भाऊ टाळी देऊन हसले. बाईमाणसाला काय कळतं, म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात पाणी वरून शिरलं ते शिरलंच. खाली निघायची वाट भावोजींनीच बुजवलेली. भिंतीला बाहेरून पोट आलं. पत्र्यात कुंकू बघणारी एक बाई म्हणाली, "कितवा गं हिला?"

पाऊस उघडला तशी मी कोयती घेतली आणि खालचं डांबर खरवडून काढलं. काळं पाणी भळभळा बाहेर आलं. वास असा, की डब्याखाली झोपलेलं कुत्रंही उठून गेलं. हे धावत आले.

"अगं, काय करतेस! दिवस घातला होता त्याने!"

"माझा पावसाळा गेला."

ते खाली वाकले. आतल्या पट्ट्यांचा चोथा झाला होता, तो हातात घेऊन बघितला आणि पत्रा सोडवायला लागले. आम्ही भिंत उन्हाला उघडी ठेवली. तोवर चादर बांधून राहिलो, जाणारे येणारे आमचा संसार बघत होते. वाळल्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या तुकड्यांच्या नव्या पट्ट्या बसवल्या, आतून भोकं पडलेलं प्लायवूड बदललं, पत्रा परत ठोकला. डांबर ह्या वेळी वरच्या सांध्याला लावलं, खालची फट मोकळी ठेवली.

दिवाळी झाली आणि सुपरवायझर आला. भिंत हाताने ठोकून बघितली, आत जाऊन आला. फराळाला आलेला दीर छाती काढून शेजारी उभा.

"झकास!" सुपरवायझर म्हणाला. "एकदम नवा झाला की. हा वॉचमनला कशाला? सोमवारपासून माझं ऑफिस इथे. तुम्ही सिमेंटच्या शेडमध्ये जा."

हे खाली बघत "बरं साहेब" म्हणाले. एका कोपऱ्यात जरी कुजकं ठेवलं असतं तर भंगारात गेलो असतो. नीट केलं म्हणून शेडमध्ये गेलो. मी भांडी गोणीत भरायला घेतली. रडून काय करणार, पोरींना जेवायला लागणारच होतं.

दीर अजून खुशीतच होता. "बघलंस वयनी? सायबाक पण काम आवडला."

मी पाटा उचलला, त्याच्या डोक्यावर ठेवला नि म्हटलं, "चला भावोजी, शेड लांब आहे."