पाट ठेवा नि जावा

बाबी मेस्तांचा विषय निघाला की मी आधीच सांगून ठेवतो, मला पाच मिनिटांत उठायचं आहे. आणि मग तासभर उठत नाही. एका माणसाने मला दहा पावसाळे छळलं, त्याचे किस्से साठणार नाहीत तर काय!

मी आचऱ्याच्या शाळेत मास्तर. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, म्हणून श्रावणात आमची शाळा सुटली की बाबींच्या शाळेत जायचो. ही दुसरी शाळा गणपतीची. गणपती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. नागपंचमीला घरोघरचे पाट तिथे येतात आणि ज्या घरचा पाट, त्याच्यावरच त्या घरचा गणपती होतो. बाबी मातीकाम करायचे, मी रंग. लोकांची बोलणी खायचं कामही माझंच, कारण बाबी गिऱ्हाइकाशी एवढंच बोलत, "पाट ठेवा नि जावा."

* * *

एका साली मुंबईहून गिरणीतला एक जॉबर आला. त्याला गणपती मोटारीत बसलेला हवा होता. मला वाटलं, बाबी त्याला हाकलून देतील. त्यांनी पाट ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबी गायब. इकडे साठ गणपती अर्धे मातीत, आणि हा गृहस्थ तिठ्यावर सर्व्हिसच्या मोटारीखाली उताणा पडलेला! ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पॅसेंजर खोळंबलेत, आणि बाबी खालून विचारताहेत, ही दांडी खंय जाता. त्या मोटारीत चार दिवस गेले. मडगार्ड काय, दिवे काय, हँडल काय.

जॉबर न्यायला आला तर गणपती मागच्या सीटवर आरामात रेललेला आणि स्टिअरिंगवर उंदीर. जॉबर भडकला. गाडी बाप्पाने चालवायला हवी होती म्हणाला.

"मालक कधी गाडी चलयता?" बाबींनी विचारलं.

* * *

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या सकाळी गावातल्या खोतांचा गणपती तयार होता. त्याचा पितांबर रंगवायला मला तीन दिवस लागले होते, जरीच्या काठासकट. न्यायला माणसं दारात उभी. बाबी लांबून बघत राहिले, मग जवळ आले आणि डावा कान मोडून हातात घेतला.

"हो कान ऐकणारो नाय," म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोतांची माणसं चार तास बाकावर बसून. नवा कान झाला, निखाऱ्यांवर सुकवला, मी पुन्हा रंगवला. खरं सांगतो, मला मोडलेला कान आणि नवा कान यांत काडीचाही फरक दिसला नाही. तसं बोललो, तर बाबींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या सर्टिफिकेटाची लाज वाटली.

* * *

खाडीपलीकडे पार्वतीकाकी एकटी राहायची. म्हातारी कमरेत पार वाकलेली. तिचा गणपती जेमतेम हातभर.

शेवटचे दोन दिवस बाबी फक्त डोळे लिहायचे, म्हणजे कुंचल्याने रेखायचे. ते काम त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही, माझ्या तर नाहीच. आणि नेमके त्या दोन दिवसांत हे महाशय होडीत बसून काकीच्या घरी गेले! का, तर तिचा गणपती बसतो कुठे ते बघायला. मी कपाळाला हात लावला. परत आले आणि काकीच्या गणपतीची नजर खाली उतरवून ठेवली. जमिनीकडे बघणारा गणपती कुणी पाहिलाय? मी चांगलं सुनावलं त्यांना.

चतुर्थीला मुद्दाम काकीकडे गेलो. गणपती एका उंच पेटाऱ्यावर बसवलेला. खाली काकी उभी, मान वर होत नाही, आणि तो बरोबर तिच्याकडे बघतोय.

"औंदा माझ्याकडे बघता रे," काकी म्हणाली.

मी दोन मोदक खाऊन घरी आलो. बाबींना यातलं काही सांगितलं नाही, ते उगाच शेफारले असते.

* * *

आता शेवटचा. यात माझी बहीण सुशीला आहे, म्हणून मला तो शांतपणे सांगता येत नाही.

सुशीला आमच्याच गावात दिलेली. तिच्या लग्नात तिचा दीर जगन्नाथ सात वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं. पुढे आंब्याच्या एका कलमावरून तिचा नवरा उमाकांत आणि हा जगन्नाथ इतके भांडले की वाटण्या झाल्या. भांडी वाटली, माड वाटले. गणपतीच्या पाटावर दोघेही अडून बसले, तेव्हा पंचांसमोर तो फणसाचा पाट करवतीने मधोमध कापला. शहाणी माणसं ही!

नागपंचमीला दोघांनी आपापला अर्धा पाट बाबींकडे आणून टाकला. सुशीला माझ्याकडे येऊन रडली. आमच्यात एकदा वेगळा गणपती आणला की तो मोडता येत नाही, पिढ्यान् पिढ्या आणावा लागतो. "दोन गणपती झाले की घर कायमचं दोन झालं," म्हणाली. "बाबींना सांग, दुसरा करू नका."

मी सांगितलं. हात जोडून सांगितलं. बाबी म्हणाले, बघूया. पुढचा महिनाभर मी रोज विचारायचो आणि ते रोज मला रंग खलायला लावायचे. दोन्ही तुकडे त्यांनी आधी घरी नेले होते. मग शाळेच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून काहीतरी चाललं होतं, तिथे मला फिरकू देत नव्हते. सुशीलाला तोंड दाखवायची मला चोरी झाली.

आदल्या दिवशी दोघे भाऊ आले, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. बाबींनी गोणपाट काढलं. कापलेला पाट जोडलेला, आणि त्यावर एकच गणपती, चांगला कमरेएवढा.

"घरचो पाट एकच. गणपती एकच केलंय," बाबी म्हणाले. "एकट्यान उचलूचो नाय."

कुणी हलेना. दारात पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी उमाकांत एका बाजूला वाकला, आणि बऱ्याच वेळाने जगन्नाथ दुसऱ्या.

"पावलां सारखी टाका," बाबी मागून ओरडले. "नि भांडा नकात. सांधो अजून ओलो आसा!"

दीड मैल शेताच्या बांधावरून ते दोघे चालले. मी मागून छत्री धरून. उमाकांत हळूच "जगू, दगड" म्हणायचा आणि जगन्नाथ पाय जपून टाकायचा. दारात सुशीला तांब्या घेऊन उभी होती. तिने एकाच्या पायावर पाणी घातलं, मग दुसऱ्याच्या, आणि तांब्या खाली ठेवून आत निघून गेली. तिला रडू आवरेना.

पुढच्या नागपंचमीला तोच पाट शाळेत आला. एकच. मी सहज उलटा करून बघितला. खाली सागाच्या दोन जाड पट्ट्या, आणि त्यांत दहा पितळी स्क्रू आवळलेले. वर बैल उभा केला असता तरी सांधा हलला नसता.

मी बाबींकडे बघितलं. ते माती मळत होते.

"मास्तरानू," मान वर न करता म्हणाले, "पाट ठेवा नि जावा."