लवंगेचा बोळा आणि पक्कं सिमेंट

माझा पुढचा दात सुतळीनं तोडला. पत्रकांचा गठ्ठा छापखान्यातून नुकताच आला होता, कात्री शेजारच्या टेबलावर होती, पण कात्री शोधत बसणं मला मवाळपणाचं वाटलं. गाठ दातात धरली आणि हिसका दिला. गाठ शाबूत राहिली. पत्रकाचा मथळा होता, 'आता सहन करणार नाही!'

पत्रक आमच्या गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्याबद्दल होतं. रस्ता झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पापडी सुटायला लागली. ठेकेदार हात वर करून मोकळा. मग सह्या गोळा करणं, निवेदनं देणं, घोषणा, हे सगळं माझ्याकडं आलं. आलं म्हणजे मीच ओढून घेतलं.

दातासाठी औरंगपुऱ्यात एका डॉक्टरबाईंकडं गेले. कापडदुकानाच्या वर त्यांचा दवाखाना. आईच्या वयाच्या, घरी दखनी बोलणाऱ्या, पेशंटशी मराठीत सुरुवात करून चिडल्या की दखनीवर येणाऱ्या. त्यांनी दाताची नस काढली, दात घासून त्याचा खुंट केला आणि म्हणाल्या, "यावर कॅप बसवू. रेझिनचं पक्कं सिमेंट आहे. नीट बसली तर वर्षानुवर्षं हलायची नाही."

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी कुठल्याही सभेत सांगितलेली नाही. मी टँकरपुढं आडवी पडलेली बाई आहे. पोलिसांच्या गाडीत बसून मी वडापाव मागितलेला आहे. पण दाताजवळ सुई आली की माझे पाय खुर्चीतल्या खुर्चीत पळायला लागतात. हे आईला माहीत. तिनं कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घालून दिलं. "खुंटावर दाबून धर. लई आराम पडतो. डॉक्टरला कशाला सांगायचं, हसंल ती." कॅप बसवायच्या दिवशी मी घरापासून बोळा दाबून गेले आणि जिन्यात थुंकून टाकला. दवाखान्याला मुळातच लवंगेचा वास असतो, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही.

कॅप बसली. बाईंनी निळा दिवा मारला, खटखट करून पाहिलं, आरसा दिला. मी इतकी सुंदर दिसत होते की लगेच पत्रकावर स्वतःचा फोटो छापायचा विचार केला.

थोड्याच दिवसांनी आम्ही महापालिकेत रस्त्याच्या साहेबांना निवेदन द्यायला गेलो. 'रस्ता आमच्या हक्काचा' यातल्या 'हक्काचा'वर मी जोर दिला आणि कॅप सुटून थेट निवेदनावर पडली, सह्यांच्या वर. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "हे पण सोबत जोडायचं का?"

परत जिना, परत बोळा, परत निळा दिवा. दुसऱ्या वेळी मैत्रिणीच्या भावाच्या लग्नात नानखलियाच्या मटणरश्श्यात बुडवायला नान दातांनी तोडताना कॅप नानबरोबर गेली. ती मी अर्धवट चावलीसुद्धा.

आता माझं शास्त्र सोपं होतं. सिमेंट निघालं की कोणीतरी चोर असतो. रस्त्याचं निघालं तेव्हा ठेकेदार चोर, दाताचं निघालं तर डॉक्टर. शिवाय येत्या रविवारी गल्लीतच सभा होती, आणि पहिल्यांदाच मुख्य भाषण माझं होतं. इतकी वर्षं सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मोजल्या, माईकवर 'हॅलो हॅलो' म्हटलं, तेव्हा कुठं माईक हातात आला होता. आणि मी बोळकं घेऊन उभी राहणार? ठेकेदाराचा सुपरवायझर सभा ऐकायला येणार होता. तो हसला असता.

मी तडकाफडकी कच्चं पत्रक लिहिलं: 'दातांच्या नावाखाली निकृष्ट सिमेंट! जनता विचारतेय!' आणि ते घेऊन दवाखान्यात गेले. संतापात जिन्यात थुंकायचं विसरले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बस. तोंड उघड."

मी उघडलं आणि म्हटलं, "आधी सांगा, हे सिमेंट कुठून आणता?"

"मुँह खोल बोली मैं, भाषण कर नै बोली."

"जनतेला जाणून घ्यायचा हक्क आहे!" मी म्हटलं, आणि 'हक्क' म्हणताना गालातला बोळा बाहेर उडून त्यांच्या ट्रेमध्ये पडला.

बाईंनी तो चिमट्यानं उचलला. मास्क खाली करून हुंगला. मग माझ्याकडं बघितलं, जसं शाळेत बाकाखाली कैरी सापडल्यावर बघतात.

"हे काय?"

"लवंगेचं तेल."

"हर बार?"

मी मान हलवली.

"या अल्ला." त्या स्टुलावर बसल्या. "अगं, हे तेल जिथं लागतं तिथं माझं सिमेंट घट्टच होत नाही. दिवा मारला की वरून कडक दिसतं, आत पिलपिलीत राहतं. दोनदा मी डोकं धरून बसले, कंपनीला फोन केला, दिवा बदलला. आणि तू मला लवंग खिलवत होती?"

"दुखू नये म्हणून."

"नस मी काढली ना? मेलेल्या दाताला काय दुखणार?"

"दात नाही हो," मी म्हटलं, "मला सुई..."

त्या हसल्या नाहीत. आई चुकली होती. त्यांनी फक्त हात पुढं केला, मी पत्रक दिलं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "रस्त्याच्या सिमेंटला पाणी मारावं लागतं, बेटा," त्या म्हणाल्या. "माझ्या सिमेंटला थुंकीचा थेंब चालत नाही. नाव एक आहे म्हणून दोघांना एकाच पत्रकात बसवू नको."

मी रविवारचं सांगितलं. जवळजवळ रडत सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: खुंट घासून साफ करायचा, काही दिवस तेल बंद, मगच पक्कं सिमेंट. आज घाईनं लावलं तर तिसऱ्यांदा निघणार. तोवर कच्च्या मसाल्यानं कॅप टेकवून देते. "पण हळू बोलायचं. घोषणा नाय."

"घोषणा नाय तर मी बोलू काय?"

"ते तू बघ."

रविवारी संध्याकाळी ऊन असतानाच सभा सुरू झाली. मी माईक घेतला आणि ओठ जेमतेम उघडून बोलायला लागले. मागून आवाज आला, "मोठ्यानं बोल की!" पुढच्या बायका म्हणाल्या, "हिला काय झालं आज? कुणी दम दिला का?" ऐकू येईना म्हणून लोक खुर्च्या उचलून पुढं आले. आरोळी मारता येत नव्हती, म्हणून मला नुसतं सांगावं लागलं: कुणाच्या दारात रिक्षा येत नाही, वाळूजच्या कारखान्यांची शिफ्ट बस धरायला पळताना कोण कुठं आपटलं. मला स्वतःलाच ते फार कंटाळवाणं वाटत होतं. पण कुणी उठलं नाही. सुपरवायझर भिंतीला टेकून उभा होता, त्यानंसुद्धा मोबाइल खिशात ठेवला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण लोक ऐकतायत म्हटल्यावर माझा तोल जातो. "रस्ता आमच्या..." मी हात उंचावला, "हक्काचा!"

कॅप उन्हात चमकली आणि रस्त्यातल्या खड्ड्यात गेली.

सगळी सभा खाली. बायका पदर खोचून वाकल्या, म्हातारे काठीनं टोकरू लागले, "कुणी पाय ठेवू नका!" असा गलका. सुपरवायझर सगळ्यात जवळ होता. माणूस वाईट नव्हता, तो बिचारा गुडघ्यावर बसला आणि खड्ड्यात हात घातला. कडेचं सिमेंट त्याच्या बोटांनी ढेकळासारखं सुटलं. त्यानं अजून हात घातला, अजून सुटलं. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा कुणीतरी फोटो काढला. शेवटी तो मूठ उघडत उठला. मुठीत रस्ता होता, आणि रस्त्यात माझी कॅप.

"ताई, तुमचा दात," तो म्हणाला.

"आणि हा तुमचा रस्ता," आमच्या शेजारची आजी म्हणाली. सभेचं सगळ्यात गाजलेलं वाक्य ते. माझं भाषण कुणाला आठवत नाही.

फोटो साहेबांपर्यंत गेला आणि रस्ता पुन्हा उकरला गेला. नवा कसा होतोय ते मी रोज बघते. पाणी मारतात की नाही, तेही.

तेलाविना काही दिवस काढून मी दवाखान्यात गेले. बाईंनी कॅप दिव्याखाली धरली, आतली खडी टोकरून काढली. खुंट घासला, वाळवला, दोन्हीकडं कापूस कोंबला, सिमेंट लावून कॅप दाबली. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही."

मग, जबडा पूर्ण उघडा आणि त्यांचं बोट दातावर असताना, त्यांनी विचारलं, "तर माझ्यावरच्या त्या पत्रकाचं काय केलंस?"

मला उत्तर द्यायचं होतं. लई द्यायचं होतं. मी डोळे मोठे केले.

"छापलं नाही ना? छान," त्या म्हणाल्या आणि त्यांनी निळा दिवा लावला.