दोरीवरचा किल्ला
पानाच्या ठेल्यावर ओल्या काताचा वास आला की मला दोरीवर टांगलेला किल्ला आठवतो. राजधानी भोपाळला जाणार म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सरकारी कचेऱ्या सामान बांधत होत्या, आणि नकाशे काढणारे माझे बाबा बारीक चौकोनांचा एक पातळ कागद घरी घेऊन आले होते. मोजणीवाल्यांनी प्रत्येक चौकोनासाठी तिथल्या जमिनीची उंची लिहून दिली होती. जितकी उंची जास्त, तितका रंग गडद. तपकिरी रंग संपला तेव्हा आईने पानाच्या डब्यातला कात कालवला. बाबा आकडे वाचत होते आणि मी वरच्या ओळीपासून चौकोन भरत होते. जवळून नुसते डाग दिसत होते, पण आईने कागद गच्चीत दोरीला लावला, मी लांब गेले आणि किंचाळले, "बाबा, किल्ला निघाला!" बाबा धावत आले आणि कागदावर बोट ठेवून ओरडले, "अगं, दक्षिणेची फूलबाग वर अन् उत्तरेचं किला गेट खाली! मोजणीवाल्यांनी दक्षिणेकडून मोजलं होतं, पहिली ओळ तळाला हवी होती. अन् आमचे साहेब हा नकाशा घेऊन संध्याकाळच्या गाडीने भोपाळला निघतायत!" आई म्हणाली, "मग उलटा टांगा, बस!" उलटा टांगल्यावर वरचं खाली आलं, पण डावंही उजवीकडे गेलं. मी चिडून कागदाच्या मागे गेले, आणि काय सांगू, उन्हात पलीकडून सगळं ग्वाल्हेर जागच्या जागी! बाबांनी तिथेच उभं राहून मागच्या बाजूने रेघा गिरवल्या आणि सायकल काढली. परवा नातीच्या कॉम्प्युटरने असेच चौकोन क्षणात रंगवले आणि किल्ला उलटा आला. ती कपाळाला हात लावून बसली. मी मात्र उठून स्क्रीनच्या मागे बघायला गेले.