ज्योतिबाची वाघर

विट्यात आमच्या गल्लीत ज्योतिबा टायपिंगचा क्लास चालवायचा. जात्याच हट्टी माणूस. एका पतसंस्थेनं भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर त्यानं घरी आणले, तेव्हा मी म्हणालो, "गड्या, ह्यात आता कोंबड्या पाळ!" तो हसला नाही. महिनाभरात दोन्ही चालू केले पठ्ठ्यानं.

एक आतल्या खोलीत, सर्व्हर. गल्लीतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. ती तिकडून ईमेल करायची आणि ज्योतिबा ते छापून घरोघर द्यायचा. दुसरा कॉम्प्युटर फोनच्या तारेपाशी, फायरवॉल. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यानं आईला सांगितलं, "आये, मेंढरांभवती जाळ्याची वाघर लावतो न्हवं, तसं हे. वळखीचं तेवढंच आत." म्हातारीला लगेच कळलं, मला चार दिवस लागले.

ओळखीच्या पत्त्यांच्या यादीत नाव नसलेलं टपाल तो उघडायचासुद्धा नाही. मशीन ते एका कोपऱ्यात ढकलायचं. "समद्या जाहिराती रं त्या," म्हणायचा.

नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी ओरिसात मोठं वादळ झालं. शेजारच्या हरणाकाकीचा एकुलता एक मुलगा नाथाजी कटकला गलाईच्या दुकानात होता. तिकडचे फोन बंद. काकी रोज सकाळी ज्योतिबाच्या दारात यायची.

"आलं का रं काय?"

"न्हाई, काकी."

सहाव्या दिवशी तिनं विचारलंच नाही, पायरीवर नुसती बसून राहिली. माझं डोकंच फिरलं. "आरं, त्या कोपऱ्यात तरी बघ की एकदा! का तुझी यादी लय शहाणी?"

ज्योतिबानं कोपरा उघडला. जाहिरातींच्या ढिगात तीन पत्रं, तिन्ही एकाच अनोळखी पत्त्यावरून. इंग्रजी अक्षरांत मराठी: "दुकान गेलं. मी बरा हाय. ट्रकनं रायपूरला आलोय. एका डॉक्टरसायबांच्या मशीनवरनं लिवतोय. आईला सांगा. नाथा."

मला रडू फुटलं. ज्योतिबानं ते मोठ्यानं वाचलं, तारखेसकट. पहिलं पत्र येऊन तीन दिवस झाले होते. तारीख गाळता आली असती, त्यानं गाळली नाही.

काकी उठून उभी राहिली. "म्हंजी तीन दिस माझं लेकरू तुझ्या दारात उभं हुतं?"

"व्हय, काकी." त्याला मान वर करता येईना. "चुकलं माझं."

काकीनं पदरानं डोळे पुसले.

"आरं मग आता तरी घे की त्याला आत."