न चाळता घेतलेलं पुस्तक

“गांव खंयचो, बाये?”

“पार्सें.”

“पार्सेंत खंयच्या वाड्यार?”

आमच्याकडे जात कोणी विचारत नाही. वाडा विचारतात. तेवढ्यात भागतं. मी खरं सांगितलं, महारवाडा. पणजीतल्या त्या दुकानदारानं माझ्या हातातलं पुस्तक काढून मांडणीवर ठेवलं. गोड आवाजात म्हणाला, “हात लावूं नाका. खंयचें जाय तें सांग, हांव बांदून दितां.” म्हणजे हवं ते नुसतं सांगायचं, बांधून तो देणार.

शेजारी कॉलेजची पोरं खुशाल पुस्तकं चाळत होती. त्यांना कोण काय म्हणणार! गोवा घटक राज्य झालं होतं, कोकणी राजभाषा झाली होती. आता सगळे एक, म्हणे. खाक एक!

मला नेटवर्किंगचं पुस्तक हवं होतं. दोन संगणक कोणत्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, ते प्रोटोकॉल, अगदी पहिल्यापासून सांगणारं. एका कार्यालयाच्या संगणक विभागात नोकरीसाठी परीक्षा होती. दुसऱ्याच्या बागेत काजू वेचून आईची कंबर गेली होती. मला नोकरी लागली तर ती घरी बसणार होती. पण न उघडता नवशिक्याचं पुस्तक कोणतं, हे कसं कळणार? मी सगळ्यात जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं. जाड म्हणजे त्यात सगळं असेल. अक्कल माझी!

घरी उघडलं. पहिल्या पानापासून काही कळेना. ते आधीच शिकलेल्यांसाठी होतं, पण मला हे सांगणार कोण? रडले. आई म्हणाली, “आमकां जमचें ना तें, बाय.” मला ते खरं वाटलं, याचीच आज चीड येते. परीक्षेत पेपर कोरा ठेवला. आई पुन्हा बागेत गेली.

मग संगणकाच्या क्लासमधल्या मैत्रिणीकडे एक पातळसं पुस्तक दिसलं. निरोपावर पत्ता कसा घालतात, पोच कशी येते, पहिल्याच पानावर होतं. सगळं कळलं. “हे कसं निवडलंस?” मी विचारलं.

“चाळून बघितलं,” ती म्हणाली. तिला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं.

माझ्या अंगाची आग झाली. तशीच त्या दुकानात गेले. तेच पातळ पुस्तक मांडणीवरून काढलं, उघडलं.

“सांगलां न्हय तुका?” दुकानदार ओरडला.

मी पान उलटलं, पण रागानं अक्षरं दिसत नव्हती. गिऱ्हाइकं बघत राहिली.

“पळयल्या बगर घेवंची ना,” मी म्हणाले. बघितल्याशिवाय घेणार नव्हते.

त्यानं पुस्तक हिसकावलं. मला दुकानाबाहेर काढलं.

रस्त्यावर उभी राहिले. नोकरी हुकली ती हुकलीच. पण तिथंच ठरवलं. उद्या दुकान उघडेल तेव्हा मी दारात असेन. पुस्तक काढीन, उघडीन, उभ्यानं वाचीन. हिसकावलं तर परवा येईन.