भीमगीताची रिंगटोन

‘काका, छाती पुढे. आता म्हणा, आय ॲम द ओनर.’

शेठच्या मुलाने आपला गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला होता. हातात उंच काचेचा ग्लास, त्यात कोकम सरबत. पोहण्याच्या तलावाच्या काठावर त्याचे मित्र लोळून हसत होते. शेठचा अलिबागजवळचा हा बंगला मी राखतो. आवारातल्या खोलीत आम्ही राहतो. मी म्हणालो, ‘आय ॲम द ओनर.’ तेवढ्यात माझा फोन वाजला. भीमगीताची रिंगटोन. मी गडबडलो, सरबत सदऱ्यावर सांडलं. ते आणखी हसले. मीही हसलो.

व्हिडिओ त्याने नेटवर टाकला. रिंगटोन कापली नाही. मला वाटलं, पोराने प्रेमाने केलंय. मी स्वतः तो स्टेटसला ठेवला, भावकीच्या ग्रुपवर पाठवला. खालच्या कमेंट वाचल्या नाहीत.

त्या माझ्या मुलीने वाचल्या. ती बारावीला आहे. ‘बंगला पण कोट्यातून मिळाला का?’ ही त्यातली इथे लिहिता येण्यासारखी. मग कुणीतरी तिचं नाव आणि कॉलेज शोधून खाली टाकलं. वर्गातली मुलं तिला बघून तीच धून गुणगुणायला लागली. तिने कॉलेजला जाणं बंद केलं. मी फोन सायलेंटवर टाकला.

मग माझं डोकं फिरलं. राखणदार म्हणून बंगल्याचे कॅमेरे माझ्या फोनवर दिसतात. त्यात एक तुकडा सापडला. शेठचा मुलगा दारू पिऊन आईवर ओरडतोय, ती पायरीवर बसून रडतेय. मी मुलीला म्हटलं, ‘टाक हे. बघू दे जगाला.’

तिने तो शेवटपर्यंत बघितला.

‘पप्पा, ह्या बाईनं आपलं काय केलंय?’

आमच्याशी जे झालं, तेच मी पोरीच्या हातून दुसऱ्या बाईशी करायला निघालो होतो. तुकडा पुसला.

‘गप बसायचं न्हाय,’ ती म्हणाली. ‘पण त्यांच्यासारखं पण न्हाय.’

प्रत्येक कमेंटचा नावासकट स्क्रीनशॉट तिने आधीच काढून ठेवला होता. एकालाही उलट शिवी दिली नव्हती. ते आणि व्हिडिओ टाकणाऱ्याचं नाव घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, पोरांची मस्करी आहे, सोडून द्या. तक्रार लिहून घेईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.

काल शेठच्या मुलाचा फोन आला. आवाज अगदी गोड. ‘काका, शनिवारी येतोय. तोवर तक्रार मागे घ्या. खोली आमची आहे, विसरू नका.’

खोली त्यांची आहे. सामान आम्ही बांधून ठेवलंय. शनिवारी गेट मीच उघडणार आणि त्याच्या तोंडावर सांगणार, तो व्हिडिओ नेटवरून काढून टाक, तक्रार राहील. सोमवारी मुलगी पुन्हा कॉलेजला जाणार. मुलं गुणगुणतील. नवी कमेंट येईल, कदाचित याहून वाईट. त्या कमेंटचाही स्क्रीनशॉट निघेल.

फोन आता सायलेंटवर नाही. शनिवारी त्याच्यासमोर वाजला तर पूर्ण वाजू देणार आहे.