माझं एक इंग्रजी वाक्य

अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत. त्यांच्या गोडसर, उग्र वासानं सकाळपासून मला एका जागी बसू दिलेलं नाही. आत भाचीची मुलगी मोबाइलसमोर मुलाखत देते आहे. एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेत तिला इंटर्नशिप हवी आहे.

तिच्या आईची, सुनीताची, अशीच एका बँकेची मुलाखत तरुणपणी सौंदडला माझ्या घरच्या फोनवर व्हायची होती. तेव्हाही हाच वास होता. बँकेचा फोन ठरल्या वेळेआधीच आला. सुनीता विहिरीवर गेली होती. मी ऐटीत म्हणालो, "शी इज नो मोअर अ‍ॅट होम." लाइनवरच्या खरखरीत शेवटचे शब्द हरवले असावेत. पलीकडून हळू आवाजात "सो सॉरी" म्हणून त्यांनी फोन ठेवला. किती सभ्य माणसं, असं मला वाटलं.

शेजारच्या गुरुजींना मी कौतुकानं ते वाक्य ऐकवलं. ते पोट धरून हसले. "अबे, पोरगी मेली म्हणून सांगतलं ना तू!"

तेवढ्यात सुनीता धावत आली. "मामा, फोन आला का जी?"

मी नाही म्हणालो. ती अंधार पडेपर्यंत फोनपाशी बसून राहिली. बँकेनं आपल्याला विचारलंच नाही, असं ती आजवर समजत होती.

आज तिला ओसरीवर बोलावून मी सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग थांबली.

"तवाच सांगतलं असतं तं मामा, मीच फोन लावला असता ना, जित्ती आहो म्हणून."